सोसायटीच्या गेटवरील अ‍ॅप : वापरानंतरचे परीक्षण

गोरेगाव पश्चिमेला लिंक रोडपासून जवळ असलेल्या आमच्या दोन विंगांच्या इमारतीचा पुनर्विकास झाल्यावर पहिल्याच सर्वसाधारण सभेत गेटसाठी अ‍ॅप घेण्याचा ठराव मंजूर झाला, आणि तेव्हापासून इमारतीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या माणसाची नोंद वहीऐवजी वॉचमनच्या हातातील मोबाइलवर होऊ लागली. मुंबईत अशी अ‍ॅपे पुरवणाऱ्या अनेक कंपन्या आहेत. आमच्या कंपनीचे नाव मी येथे देत नाही. ज्या सोसायट्यांत असे अ‍ॅप घ्यावे की नाही यावर सध्या खल चालू आहे, त्यांना नावापेक्षा त्याची घडण समजणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे मला वाटते.

आधी सोयींविषयी, कारण त्या खऱ्या आहेत. कुणी गेटवर आले की घरातील नोंदवलेल्या सर्व मोबाइलवर सूचना येते, तिला होकार किंवा नकार देता येतो, आणि उत्तर न मिळाल्यास वॉचमन इंटरकॉमवरून विचारतो. ऑफिसात बसून पार्सल गेटवर ठेवून घ्यायला सांगता येते. दीड दिवसाच्या गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांना एकच कोड आधी पाठवून ठेवता येतो, त्यामुळे एरवी गेटवर होणारी नातेवाइकांची उलटतपासणी टळते. या एका सोयीतच पैसे वसूल झाले, असे आमच्या सासूबाईंचे मत आहे. मेंटेनन्सचे बिल, यूपीआयने भरणा, गच्चीचे आरक्षण, गळतीच्या तक्रारी हे सगळे व्यवस्थित चालते आणि त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. भाषा म्हणून मराठी निवडली तरी निम्मे पडदे इंग्रजीतच राहतात, एवढे मात्र नोंदवून ठेवते.

जुन्या वहीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. दोरीने बांधलेल्या पेनासह टेबलावर उघडी पडलेली ती वही कुणीही चाळू शकत असे. आपल्या आधी आलेल्या बाईचा मोबाइल नंबर काय, ती कोणत्या मजल्यावर गेली आणि किती वाजता परतली, हे पुढच्या माणसाला सहज वाचायला मिळे. अ‍ॅपने हा उघडेपणा बंद केला, त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण वहीत एक गुण होता, जो कुणी मुद्दाम घातलेला नव्हता : ती भरली की कपाटात जाई आणि पुढे रद्दीत. तिच्यातून एकाच माणसाच्या महिनाभराच्या येण्याजाण्याचा हिशेब काढायचा म्हटले तर दोन दिवस पाने उलटावी लागली असती, आणि त्या कष्टापायीच तो कुणी काढत नसे. अ‍ॅपला तेच काम क्षणभराचे आहे.

अ‍ॅपमध्ये 'डेली हेल्प' नावाचा विभाग आहे. त्यात इमारतीत घरकाम, स्वयंपाक, गाड्या धुणे, मुले सांभाळणे अशी कामे करणाऱ्या सर्वांची पाने आहेत. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी भगतसिंग नगरात राहतात. त्यांचे पान उघडले की वर त्यांचा फोटो येतो, जो गेटवर सकाळच्या उन्हात डोळे मिचकावत असताना काढलेला आहे. त्याखाली मोबाइल नंबर, त्या इमारतीत कोणकोणत्या सदनिकांत काम करतात त्यांचे क्रमांक, कोणत्या घरी कधीपासून आहेत, आणि महिन्याचे एक कॅलेंडर, ज्यात आल्या त्या दिवशी हिरवा ठिपका, नाही आल्या त्या दिवशी लाल. ठिपक्यावर बोट ठेवले की आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ मिनिटापर्यंत दिसते. शेवटी पाचपैकी तारे आणि 'वेळेवर येतात', 'सुट्या जास्त' अशा तयार शेऱ्यांतून सभासदांनी निवडलेले शेरे. हे पान आमच्याकडे काम करतात म्हणून आम्हाला दिसते असे नाही. इमारतीतील कोणत्याही सदनिकेतून, मावशींशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशांनाही, ते जसेच्या तसे उघडता येते. ज्यांचे हे पान आहे त्या मावशींना मात्र ते पाहता येत नाही, कारण अ‍ॅपचे खाते फक्त रहिवाशांना मिळते.

मराठी घरांत कामाला येणाऱ्या बाईचे खाडे मांडण्याची पद्धत नवी नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने फुली मारलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण ती फुली त्या घरापुरती असे, बाईंना ती समोर दिसे, चुकीची असेल तर 'त्या दिवशी मी आले होते की' असे म्हणून त्या ती खोडायला लावत, आणि डिसेंबर संपला की कॅलेंडरच उतरत असे. कालनिर्णय सुरू झाले ते १९७३ साली. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या सल्लागार समितीने संगणकीय नोंदींविषयी एक अहवाल दिला, आणि त्यात जी तत्त्वे मांडली त्यांचा प्रभाव पुढे जगभरातील माहिती संरक्षणाच्या कायद्यांवर पडला. गुप्त नोंदवह्या असू नयेत. आपल्याविषयी काय नोंदले आहे आणि त्याचा वापर कसा होतो हे माणसाला कळण्याची वाट असावी. एका कामासाठी घेतलेली माहिती त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या कामाला वापरली जाऊ नये. चुकीची नोंद दुरुस्त करून घेता यावी. कॅलेंडरवरच्या पेन्सिलीच्या फुलीने ही तत्त्वे न वाचताच पाळली होती. पन्नास वर्षांनंतर आलेल्या आमच्या अ‍ॅपमध्ये यांतील एकही धड पाळलेले दिसत नाही.

माहिती दुसऱ्याच कामाला कशी वापरली जाते, ते आमच्या मजल्यावरच पाहायला मिळाले. मावशींनी एका घरी पगारवाढ मागितली, तेव्हा त्या घरच्या गृहिणींनी अ‍ॅपमधून इतर सदनिकांचे क्रमांक काढले, प्रत्येकीला फोन करून कोण किती देते ते विचारले, आणि सर्वांत कमी आकडा पुढे करून वाढ नाकारली. दुसऱ्या एका घरी त्यांनी तब्येतीचे कारण सांगून सुटी घेतली होती, पण त्या दिवशी एका वृद्ध बाईंकडे तासभर जाऊन पोळ्या करून दिल्या होत्या. हिरव्या ठिपक्याने ते उघड केले आणि त्यावरून बोलणी खावी लागली. दोन्ही घरांत कुणी नियमभंग केला असे म्हणता येणार नाही. अ‍ॅपने जे समोर ठेवले ते त्यांनी वाचले, इतकेच. सुरक्षेसाठी म्हणून घेतलेली नोंद मजुरीच्या घासाघिशीत एका बाजूच्या हाती हत्यार म्हणून आली. दुसऱ्या बाजूला, म्हणजे कोणत्या घरी पगार उशिरा मिळतो आणि कोणत्या घरी ठरल्यापेक्षा जास्त काम काढून घेतात हे मावशींना सांगणारे, कोणतेही पान या अ‍ॅपमध्ये नाही.

ताऱ्यांची गोष्ट त्याहून अवघड आहे. मावशींना एके दिवशी कुणीतरी सांगितले की त्यांचे तारे कमी झाले आहेत. त्यांनी मला विचारले, "ताई, दोनशे चारच्या वहिनींनी तारा कापला म्हणे. कशाबद्दल कापला, ते मी कुणाला विचारायचं?" मी कंपनीच्या मदत विभागाला लिहिले. दोनदा आठवण केल्यावर उत्तर आले की शेरे ही सभासदांची खासगी मते असून ती कुणी दिली हे सांगता येणार नाही आणि काढूनही टाकता येणार नाहीत. खासगीपणाची ही काळजी, जिच्याविषयी मत दिले तिच्या वाट्याला का येत नाही, या माझ्या प्रश्नाला उत्तर आले नाही. हॉटेलला किंवा मिक्सरला तारे देणे वेगळे. तेथे कंपनी उत्तर देऊ शकते, वस्तू सुधारू शकते, जाहिरात करू शकते. येथे एका बाईची भाकरी त्या आकड्यावर अवलंबून आहे आणि तिला तो आकडा वाचण्याचीही सोय नाही.

नोंद चुकली तर काय होते, तेही पाहिले. जुलैत एका मुसळधार सकाळी मोबाइलचे नेटवर्क गेले. कामाला आलेल्या बायका गेटबाहेर छत्र्या धरून उभ्या राहिल्या, कारण नोंद झाल्याशिवाय कुणाला सोडायचे नाही असे वॉचमनला बजावलेले होते. तो त्या सर्वांना नावानिशी ओळखतो. तरीही स्क्रीनवरचे चक्र फिरायचे थांबेपर्यंत त्याने त्यांना थांबवले, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी त्याने तेच केले असते. नेटवर्क परतल्यावर सर्वांची वेळ नोंदली गेली ती आत शिरल्याची. वेळेवर येऊन त्या अर्धा तास पावसात उभ्या होत्या, ही गोष्ट अ‍ॅपच्या दृष्टीने घडलीच नाही. घडला तो उशीर, आणि तो अ‍ॅपच्या नव्हे, बायकांच्या खात्यावर जमा झाला.

वॉचमनही या नोंदींच्या बाहेर नाहीत. बारा तासांच्या पाळीत रात्री ठरावीक अंतराने प्रत्येक मजल्यावर जाऊन भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो, आणि एखादा राहिला तर सकाळी सेक्रेटरींच्या मोबाइलवर तशी सूचना येते. वॉचमनने रात्री फेरी मारली पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. पण जिन्यात पडलेल्या आजोबांना उचलून घरी पोहोचवण्यात त्याची दोन मजल्यांची फेरी चुकली, तर सूचनेत फक्त दोन चुकलेले मजले येतात.

आता संमतीविषयी. आमच्या इमारतीत संमती घेण्याची पद्धत अशी : मावशी गेटवर आल्या, वॉचमनने मोबाइल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला, फोटो काढला, नंबर विचारला, त्यावर आलेला ओटीपी त्यांनी वाचून दाखवला. ओटीपी वाचणे हीच संमती, असे अ‍ॅपच्या अटींत लिहिलेले आहे. या अटी इंग्रजीत असून त्यांना नकार दिल्यास दुसरा मार्ग कोणता, हे त्यात कुठेही नाही. व्यवहारात नकार म्हणजे कामावर पाणी सोडणे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, आणि २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. या कायद्यातील संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि ती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्या परिशिष्टात आहे, हे आमच्या कंपनीच्या लोकांना ठाऊक असावे अशी आशा आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. मुदतीचा अर्थ तयारीसाठी दिलेला वेळ असा आहे. तोवर काहीही चालेल, असा नाही.

व्यवस्थापकीय समितीच्या सभेत हा विषय मी काढला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की हा कायदा कंपनीला लागू, आपल्याला त्याचे काय. कायद्याची रचना पाहिली तर हा भ्रम टिकत नाही. एखाद्या व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला कायदा लागू होत नाही, म्हणून कुणी घरच्या मोबाइलमध्ये खाडे मांडले तर प्रश्न नाही. पण सोसायटी ही नोंदणीकृत सहकारी संस्था आहे. कुणाची माहिती कोणत्या हेतूने आणि कशी घ्यायची हे ती ठरवते, आणि कायद्याने मुख्य जबाबदारी असे ठरवणाऱ्यावर टाकली आहे, त्याने काम दुसऱ्या कंपनीला दिलेले असले तरीही. सुरक्षेची पुरेशी तजवीज न केल्याने माहिती फुटली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड कुणा सोसायटीला होईल असे मी म्हणत नाही. आकडा ऐकून सभेतील कुजबुज मात्र थांबली. नोकरीच्या कारणासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची एक सवलत कायद्यात आहे, पण माझ्या वाचनाप्रमाणे तिचा आधार फार तर नोकरी देणाऱ्या घराला घेता येईल, शेजारच्या विंगेतील कुतूहलाला नाही.

जाहिरातींचा त्रास या सगळ्यापुढे किरकोळ वाटेल, पण वर्गणी इतकी कमी का आहे याचे उत्तर तिथे मिळते. गेटवर कुणी आल्याची घंटा जशी वाजते, तशाच आवाजात आणि तशाच लाल पट्टीत कर्जाच्या, घरसफाईच्या आणि नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिराती येतात. डार्क पॅटर्न, म्हणजे वापरणाऱ्याला चकवणारी पडद्याची रचना, रोखण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत फसव्या रचनेचे १३ प्रकार दिलेले आहेत आणि वेश बदलून आलेली जाहिरात हा त्यांतलाच एक आहे. गेटवर आपले माणूस उभे असेल म्हणून ओले हात पुसत मोबाइल उचलावा आणि पनवेलच्या प्लॉटची जाहिरात निघावी, याला दुसरे नाव देता येत नाही.

कंपनीने अलीकडे आणखी एक प्रस्ताव ठेवला आहे : कोडऐवजी गेटवर कॅमेरा लावून चेहऱ्यावरून ओळख पटवायची, तीही आधी फक्त कामाला येणाऱ्यांची. हा प्रस्ताव मी फेटाळण्याच्या बाजूची आहे. जॉय बुओलामविनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर काळ्यासावळ्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. ती चाचणी ओळख पटवण्याची नव्हती आणि प्रणाली त्यानंतर सुधारल्या आहेत, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच की आमच्या गेटवरच्या कॅमेऱ्याची चाचणी कोणत्या चेहऱ्यांवर झाली. कंपनीच्या प्रतिनिधींकडे याचे उत्तर नव्हते; त्यांच्या माहितीपत्रकातील सर्व चेहरे मात्र चांगले उजळ होते. शिवाय कोड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही, आणि रहिवाशांनी मान खाली घालून आत जायचे व मावशींनी कॅमेऱ्यासमोर थांबायचे ही विभागणी कोणत्या सुरक्षेच्या तर्काने ठरली, तेही कुणी सांगितले नाही.

संगणक व्यावसायिकांची जागतिक संघटना असलेल्या एसीएमच्या २०१८ च्या आचारसंहितेत पहिल्याच कलमात म्हटले आहे की संगणनाच्या कामात सर्वच माणसांचे हितसंबंध गुंतलेले असतात. या अ‍ॅपच्या घडणीत मात्र पैसे देणारा सभासद तेवढा माणूस म्हणून धरलेला दिसतो, आणि बाकीचे सारे त्याच्या पडद्यावरची सामग्री. त्यात मावशी आहेत, वॉचमन आहेत, हेल्मेट काढून फोटो देणारी डिलिव्हरीची मुले आहेत. ही मुले दिवसभरात किती इमारतींच्या गेटवर आपला चेहरा ठेवून जात असतील, आणि ते फोटो कुठे किती काळ राहत असतील, याचा हिशेब त्यांच्यापाशीही नाही.

दोष सगळा कंपनीचा नाही, असे म्हणायला भाग आहे, कारण समितीच्या लॉगिनमधून सेटिंग्ज तपासल्यावर आढळले की यातील बऱ्याच गोष्टी बंद करता येतात. त्या चालू ठेवूनच कंपनीने अ‍ॅप दिले आणि आम्ही ते तसेच वापरले. तारे व शेरे पूर्ण बंद होतात. हजेरीचे कॅलेंडर फक्त संबंधित घरापुरते ठेवता येते. पाहुण्यांचे आणि डिलिव्हरीचे फोटो किती दिवसांनी पुसायचे, हे सोसायटी ठरवू शकते. पहिल्या दोन गोष्टी समितीने करून टाकल्या आहेत आणि आकाश कोसळलेले नाही. फोटो तीस दिवसांनी पुसण्यावर एकमत झाले नाही. पोलिसांना लागले तर काय, हा प्रश्न आला, आणि त्यात तथ्य असल्याने मुदत नव्वद दिवसांवर ठरली.

आमच्याएवढ्या इमारतीने हे अ‍ॅप घ्यावे का, असे कुणी विचारले तर माझा सल्ला असा : एका वर्षापुरतेच घ्यावे, आणि करारात चार गोष्टी लेखी मागाव्यात. मराठी व हिंदीत सूचना आणि तोंडी समजावण्याची व्यवस्था. अ‍ॅप नको असलेल्या कामगाराला छापील पास. ज्याची नोंद आहे त्याला ती मागताक्षणी छापून मिळण्याची आणि दुरुस्त करून घेण्याची सोय. करार संपल्यावर सर्व माहिती पुसल्याचे प्रमाणपत्र. शेकडो सदनिकांच्या टॉवरांना कदाचित अ‍ॅपवाचून गत्यंतर नसेल. आम्हाला आहे : कंपनीने छापील पासची अट नाकारली तर नूतनीकरण न करता इंटरकॉम आणि टेबलाच्या खणात कुलूपबंद ठेवायची वही यांवर काम भागवण्याचा पर्याय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ठेवला आहे, आणि गणपतीच्या पाहुण्यांसाठी त्या दीड दिवसात एक जास्तीचा माणूस गेटवर बसवायला सासूबाईंचीही हरकत नाही.